मांडव उतरल्यावर : क्रीडामहोत्सव आणि यजमान वस्तीचे भवितव्य

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ऑलिंपिकसारखा महोत्सव भरवणाऱ्या शहराला ही दोन्ही कामे एकाच मुहूर्तावर करावी लागतात. पाहुणे जगभरातून यायचे असतात, मुहूर्त पुढे ढकलता येत नाही, आणि घरात तर अजून गवंडी काम करीत असतात! पंधरा-वीस दिवस वाजंत्री वाजते, पाहुणे तृप्त होऊन जातात, मांडव उतरतो. मग यजमान हिशेबाची वही उघडतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो : या सगळ्यातून आपल्या पदरात काय पडले? आणि त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न : 'आपल्या' म्हणजे नेमके कोणाच्या?

हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल. परंतु त्याची एक छोटीशी आठवण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावत होती. एस.टी.च्या निमआराम गाडीला आपल्याकडे 'एशियाड' म्हणण्याची पद्धत पडली, ती १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांमुळे. खेळ संपले, पण त्या निमित्ताने रस्त्यावर आलेली गाडी लोकांच्या रोजच्या उपयोगाची ठरली आणि नावही मागे राहिले. खेळ पंधरवड्याचे असतात, तर त्यासाठी उभारलेल्या वस्तू पन्नास-शंभर वर्षांच्या. त्या नंतर कोणाच्या उपयोगी पडणार, याचा विचार आधी झाला तरच खर्च सार्थकी लागतो. इंग्रजीत ज्याला 'लेगसी' म्हणतात, त्या क्रीडामहोत्सवाच्या 'वारशा'चा हा विषय आहे. प्रस्तुत लेखात तो मुख्यतः लंडनच्या उदाहरणावरून समजून घेऊ. कारण २०१२ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मागताना लंडनने मागास वस्तीचे पुनरुज्जीवन हेच आपले प्रमुख कारण म्हणून पुढे केले होते.

तीन जुने धडे

लंडनपूर्वीची तीन शहरे प्रथम पाहू. कॅनडातील माँट्रिऑलने १९७६ साली ऑलिंपिक भरवले. त्या स्टेडियमचा खर्च इतका फुगला की त्याचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. खेळांच्या वर्षी जन्मलेले मूल तिशीचे झाले, तेव्हा कुठे शहर ऋणमुक्त झाले. ग्रीसची राजधानी अथेन्स हे दुसरे उदाहरण. तेथे २००४ साली उभारलेली कित्येक क्रीडागृहे पुढे ओस पडली. बेसबॉलसारखा जो खेळ त्या देशात फारसा कोणी खेळतच नाही, त्याचीही कायमची मैदाने बांधली गेली होती.

तिसरे उदाहरण आशादायक आहे. स्पेनमधील बार्सिलोनाने १९९२ च्या खेळांचा उपयोग शहराचा जुना आराखडा पुरा करण्यासाठी केला. समुद्र आणि शहर यांच्यामध्ये लोहमार्ग व जुने कारखाने आडवे आलेले होते. ते हलवून शहराला समुद्रकिनारा मोकळा करून देण्यात आला, वळणरस्ते बांधले गेले, सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. येथे खेळांसाठी शहर वाकवले गेले नाही. शहराच्या गरजेसाठी खेळ वापरले गेले. तथापि तेथेही ऑलिंपिक ग्रामातील नवी घरे मुख्यतः मध्यमवर्गीयांच्या वाट्याला गेली, हे नमूद केले पाहिजे. हा सल लंडनच्या कहाणीतही पुन्हा भेटणार आहे.

पूर्व लंडनची पार्श्वभूमी

लंडनचा पश्चिम भाग श्रीमंतांचा आणि पूर्व भाग कष्टकऱ्यांचा, ही विभागणी फार जुनी. तेथे वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे धूर सोडणारे, दुर्गंधी पसरवणारे उद्योग पूर्वेला गेले. लीआ नदीच्या खोऱ्यात रसायने, रंग, छपाई, काड्यापेट्या यांचे कारखाने उभे राहिले. १८८८ साली काड्यापेटी कारखान्यातील मुलींनी केलेला गाजलेला संप याच परिसरातला. थेम्स नदीवरील गोद्या हे या भागाच्या रोजगाराचे दुसरे साधन. परंतु कंटेनर जहाजांचे युग आले, त्यांना खोल पाणी हवे होते. एकेक गोदी बंद पडत गेली आणि १९८१ पर्यंत रॉयल डॉक्सनाही टाळे लागले.

गिरणगाव ज्याने पाहिले आहे, त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. काम गेले की वस्तीचा कणा मोडतो. मागे राहिली ती विषारी रसायने मुरलेली जमीन, मोडक्या गाड्यांचे ढीग, उच्चदाबाच्या विजेचे मनोरे, आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेश, आफ्रिका, पूर्व युरोप येथून आलेल्या स्थलांतरितांची दाट वस्ती. न्यूहॅम, टॉवर हॅम्लेट्स, हॅकनी, वॉल्थम फॉरेस्ट व ग्रीनिच हे पाच 'बरो', म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेले महानगराचे विभाग, ऑलिंपिकचे यजमान ठरले. बार्किंग अँड डॅगनम हा सहावा बरो नंतर जोडला गेला.

६ जुलै २००५ रोजी सिंगापूर येथे मतदान झाले. पॅरिसला ५० व लंडनला ५४ मते मिळाली. चार मतांनी पूर्व लंडनचे नशीब पालटणार होते.

आधी नंतरचा विचार

लंडनने केलेली पहिली चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक वास्तू बांधण्याआधी 'खेळ संपल्यावर हिचे काय?' हा प्रश्न विचारला. ज्या वास्तूला पुढे गिऱ्हाईक नाही ती कायमची बांधायचीच नाही, असे ठरले. बास्केटबॉलचे मोठे क्रीडागृह तात्पुरते होते. खेळ संपताच ते उतरवले. झाहा हदीद यांनी आरेखन केलेल्या जलतरण तलावाला खेळांपुरते दोन बाजूंना प्रेक्षकांचे पंख लावले होते. ते काढल्यावर सुमारे अडीच हजार आसनांचा तलाव उरला आणि मार्च २०१४ मध्ये तो सर्वसामान्यांना खुला झाला. आज तेथे परिसरातील मुले पोहायला शिकतात. पत्रकारांसाठी बांधलेल्या भव्य इमारतींत पुढे तंत्रज्ञान कंपन्या व विद्यापीठांचे विभाग आले.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी, म्हणूनच मोलाची. कोणताही खाजगी बांधकाम व्यावसायिक ज्या कामात पैसा घालणार नाही, ते काम सरकारने केले. सुमारे वीस लाख टन माती जागच्या जागी स्वच्छ करण्यात आली. बावन्न विद्युत मनोरे काढून तारा भूमिगत बोगद्यांत नेल्या. नदीचे काठ साफ झाले, पूल बांधले गेले. सुमारे अडीच चौरस किलोमीटरचे उद्यान उभे राहिले. त्याचा उत्तरेकडील भाग जुलै २०१३ मध्ये आणि दक्षिणेकडील भाग एप्रिल २०१४ मध्ये लोकांना खुला झाला.

येथे एक प्रामाणिक खुलासा हवा. स्ट्रॅटफर्ड स्थानकातून जाणारा जलद लोहमार्ग आणि तेथील मोठ्या बाजारपेठेची योजना ऑलिंपिक मिळण्याआधीच आखलेली होती. म्हणजे बदलाचे सारे श्रेय खेळांना देता येत नाही. खेळांनी काय केले, तर वेळेचे बंधन घातले. एरवी पंचवीस-तीस वर्षे रेंगाळली असती ती कामे सात वर्षांत झाली. अर्थात घाईचीही किंमत असते. यजमानपद मागताना सार्वजनिक खर्च सुमारे २४० कोटी पौंड सांगितला होता. २००७ साली तोच अंदाज ९३० कोटी पौंडांच्या घरात गेला. प्रत्यक्ष खर्च या वाढीव आकड्याच्या आत राहिला, एवढेच समाधान!

रोजगार : आधी करार, मग पाठिंबा

नवे काम निघाले म्हणजे ते स्थानिकांनाच मिळते असे नाही. ठेकेदार आपली माणसे बाहेरून आणतो, हा अनुभव सर्वत्र सारखाच. पूर्व लंडनमधील लोकांनी याबाबत मोठी दूरदृष्टी दाखवली. तेथील चर्च, मशिदी, शाळा व कामगार संघटना यांनी मिळून नागरिकांची एक संयुक्त संघटना स्थापन केली होती. यजमानपदाचा अर्ज भरला जात असतानाच, २००४ साली, या संघटनेने लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन व अर्जसमितीचे प्रमुख सेबॅस्टियन को यांच्याकडून लेखी आश्वासने मिळवली : कामगारांना जगण्यापुरते वेतन, स्थानिकांना प्रशिक्षण व नोकऱ्या, आणि परवडणारी घरे.

वेळ येथे महत्त्वाची आहे. यजमानपद मिळण्यापूर्वी आयोजकांना स्थानिकांच्या पाठिंब्याची गरज असते. ते मिळाल्यानंतर ती गरज उरत नाही. म्हणून घासाघीस करायची ती आधीच. या आश्वासनांचा परिणामही दिसला. उद्यानाच्या बांधकामावरील सुमारे एकपंचमांश कामगार यजमान बरोंतील रहिवासी होते. मोजणी चालू पत्त्यावरून होत असल्याने कामापुरते राहायला आलेले मजूरही त्यात 'स्थानिक' ठरले, हा टीकाकारांचा आक्षेप मात्र रास्त आहे. तेव्हा 'स्थानिक' कोणाला म्हणायचे, याची व्याख्याही करारातच लिहिली पाहिजे.

घरे : 'परवडणारी' या शब्दाचा अर्थ

आता सर्वांत दुखऱ्या जागेकडे वळू. उद्यानासाठी सक्तीने भूसंपादन झाले. दोनशेहून अधिक छोटेमोठे उद्योग व त्यांतील सुमारे पाच हजार नोकऱ्या तेथून हलल्या. क्लेज लेन येथील सहकारी गृहसंस्थेत एकट्याने राहणारे चारशेहून अधिक रहिवासी होते; २००७ साली ती वसाहत रिकामी करून पाडली गेली. सुमारे शंभर वर्षे लोक जेथे भाजीपाला पिकवीत होते ते वाफेही उठले. या माणसांना मोबदला मिळाला, काहींना पर्यायी जागाही मिळाल्या. पण शेजार विखुरला, आणि त्याचा मोबदला कोणत्याच कायद्यात नसतो.

खेळाडूंच्या ग्रामात २,८१८ घरे झाली व त्यांतील १,३७९, म्हणजे जवळजवळ निम्मी, 'परवडणारी' म्हणून राखली गेली. ही गोष्ट निःसंशय चांगली. परंतु 'परवडणारे' म्हणजे कोणाला परवडणारे? २०११ पासून इंग्लंडमध्ये अशा घराचे भाडे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत आकारण्यास मुभा मिळाली. ज्या शहरात बाजारभावच आकाशाला भिडलेला, तेथे त्याचे ८० टक्के सफाई कामगाराला वा परिचारिकेला कसे परवडावे? शब्द तोच राहिला, अर्थ मात्र खालून निसटला.

२०१३ साली स्ट्रॅटफर्डमधील एका वसतिगृहातून तरुण मातांना बाहेर पडण्याच्या नोटिसा आल्या. त्यांना घरे सुचवली गेली ती मँचेस्टर, बर्मिंगहॅम अशा शेकडो मैलांवरच्या शहरांत. त्याच वेळी उद्यानापासून हाकेच्या अंतरावरील कारपेंटर्स वसाहतीत पालिकेची कितीतरी घरे पुनर्विकासाची वाट पाहत रिकामी पडून होती. सप्टेंबर २०१४ मध्ये या मातांनी त्यांतील काही घरांत ठाण मांडले आणि साऱ्या देशाचे लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे साधे होते : आमच्या वस्तीचे भाग्य उजळले म्हणता, मग आम्हीच वस्तीबाहेर का?

आश्वासनांपैकी एकाची थोडीशी पूर्तता उद्यानाबाहेर झाली. माइल एंड येथील जुन्या रुग्णालयाच्या जागेवर जमीन सामाजिक न्यासाच्या ताब्यात ठेवून २३ घरे देण्यात आली. त्यांची किंमत बाजारावरून ठरवली नाही. परिसरातील माणसाच्या उत्पन्नावरून ठरवली. पुढे घर विकतानाही तोच नियम. २३ हा आकडा लहान आहे, पण त्यातील तत्त्व मोठे आहे. जमीन समाजाच्या हाती राहिली, तरच तिच्या वाढत्या किमतीचा लाभ समाजाला मिळतो.

दोन स्टेडियमांची गोष्ट

नियोजनात कोठे चुकते, हे पाहायचे तर मँचेस्टर आणि लंडन यांची तुलना करावी. मँचेस्टरने २००२ साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरवल्या, त्याही शहराच्या ओसाड झालेल्या पूर्व भागातच. स्टेडियम बांधण्यापूर्वीच ते पुढे मँचेस्टर सिटी या फुटबॉल संघाने वापरावे असे ठरलेले होते. म्हणून खेळ संपताच धावपट्टी खणून काढली, खाली नवे आसनमजले बांधले, आणि २००३ साली संघ तेथे आला.

लंडनने ऐंशी हजार आसनांचे स्टेडियम बांधले ते पुढे पंचवीस हजारांचे करून मैदानी खेळांसाठी ठेवण्याच्या इराद्याने. नंतर हा बेत फिरला व वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल संघाला ते द्यायचे ठरले. धावपट्टीवर पुढे सरकणारी आसने बसवणे, नवे छत घालणे यांसाठी सुमारे ३२ कोटी ३० लाख पौंड खर्च आला. संघाचे वार्षिक भाडे मात्र सुरुवातीला सुमारे २५ लाख पौंड, आणि करार ९९ वर्षांचा! २०१६ पासून संघ तेथे खेळतो आहे. स्टेडियम चालवण्याचा तोटा सार्वजनिक संस्थेने सोसला. भाडेकरू आधी ठरवून घर बांधणे आणि घर बांधून झाल्यावर भाडेकरूच्या अटी मान्य करणे, यांतला फरक एवढा महाग पडतो.

सरासरीचा भुलभुलैया

यश मोजायचे कसे? यजमान बरोंनी २००९ साली यासाठी एक चांगले उद्दिष्ट लिहून ठेवले : वीस वर्षांच्या आत येथील रहिवाशांना उर्वरित लंडनकरांइतक्याच संधी मिळाल्या पाहिजेत. शिक्षण, रोजगार, आरोग्य अशा निकषांवर दरवर्षी तुलना करायची. केवळ 'विकास' असा मोघम शब्द न वापरता दरी किती मिटली हे मोजायचे, ही कल्पना अनुकरणीय आहे. आणि शालेय निकाल व रोजगार यांबाबत ती दरी कमी झालीही.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे सावध राहावे. समजा, एका गल्लीत दहा गरीब कुटुंबे आहेत. त्यांतील पाच भाडे न परवडून निघून गेली आणि त्यांच्या जागी पाच सधन कुटुंबे आली. गल्लीची सरासरी मिळकत एकदम वाढेल. पण एकाही जुन्या कुटुंबाचे भले झालेले नसेल! जागेची प्रगती आणि माणसांची प्रगती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पूर्व लंडनमध्ये या दोहोंचे मिश्रण झाले. एकीकडे उद्यानाच्या काठी विद्यापीठांच्या नव्या शाखा, २०२५ साली उघडलेले नृत्यगृह व व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे नवे भांडार आहे. तर दुसरीकडे न्यूहॅम हा बरो कायमचे घर नसलेल्या, तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या प्रमाणात इंग्लंडमध्ये अग्रभागी आहे. म्हणून मूळ रहिवाशांचे पुढे काय झाले, याची नोंद त्या माणसांचा माग ठेवून व्हावी; केवळ नकाशावरील चौकटीची सरासरी काढून भागत नाही.

लंडनच्या बाजूने एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. खेळ संपल्यावर आयोजन समिती विसर्जित होते आणि आश्वासनांना वाली उरत नाही, हे ओळखून एप्रिल २०१२ मध्येच वारशासाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले. त्याने बारा वर्षे काम पाहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये नियोजनाचे अधिकार बरोंकडे परत गेले. जाब कोणाला विचारायचा हे लोकांना ठाऊक होते.

आपल्यासाठी

भारताच्या इतिहासात या विषयाचे एक तेजस्वी पान आहे. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धांसाठी राबणाऱ्या मजुरांच्या ९ रुपये २५ पैसे या किमान रोजातून मुकादम एक रुपया कापून घेत. नागरी हक्कांच्या एका संघटनेने ही तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय, असा निर्णय न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. दिल्लीची क्रीडागृहे जुनी होतील. हा निर्णय मात्र देशातील प्रत्येक मजुराच्या कामी येणारा वारसा आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता, पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांना पुन्हा उपयोगी पडले व नंतर टेनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही तेथे भरल्या. एकदा बांधलेले वारंवार वापरणे हा साधा गृहिणीधर्मच होय. आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये निश्चित झाले आहे. तेव्हा हे प्रश्न आपल्या शेजारच्या अंगणात येऊन ठेपले आहेत.

लंडनच्या अनुभवातून निघणाऱ्या अटी थोडक्यात अशा : आश्वासने यजमानपद मिळण्यापूर्वी व लेखी घ्यावीत, प्रत्येक वास्तूचा पुढील वापरकर्ता बांधण्यापूर्वी ठरावा, नाही तर ती तात्पुरती बांधावी, 'स्थानिक' आणि 'परवडणारे' या शब्दांच्या व्याख्या उत्पन्न व रहिवास यांच्या आधारे करारात लिहाव्यात, विस्थापितांची यादी ठेवून त्यांचा दहा-वीस वर्षे माग घ्यावा, जमिनीचा काही हिस्सा कायमचा समाजाच्या मालकीत ठेवावा, आणि या सर्वांचा जाब देणारी संस्था खेळांनंतरही जिवंत राहावी.

या अटींत खेळाडूंचा वा पदकांचा उल्लेख नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पदके जिंकणारे जिंकतील आणि आपण आनंदाने टाळ्याही वाजवू. परंतु ज्यांच्या अंगणात हा मांडव पडतो, त्यांचे घर कार्य आटोपल्यावर त्यांचेच राहिले की नाही, हे पाहणे आपल्यासारख्या सुशिक्षितांचे काम आहे. आणि ते मांडवाची पहिली मेढ रोवली जाण्यापूर्वी करायचे असते.